पूल झाला, रस्ता झाला, मग एसटी का नाही?

खाडीपलीकडचा
मंडळी, कोकणात खाड्यांवर नवे पूल होतायत. नारळ फुटतो, फीत कापली जाते, दुसऱ्या दिवसापासून दुचाक्या, टेम्पो, चिऱ्याचे ट्रक सगळं पुलावरून धावायला लागतं. एसटी मात्र जुन्याच वळशाने जाते. समजा, तालुक्याच्या स्टँडपासून खाडीच्या तोंडावरचं गाव जुन्या रस्त्याने ३४ किमी आहे आणि पुलावरून १९. म्हणजे १५ किलोमीटरचं डिझेल वाचतं, प्रवाशाचा पाऊण तास वाचतो. तरी सहा-सहा महिने उत्तरं ठरलेली: 'सर्वेक्षण झालं आहे', 'प्रस्ताव विभागाकडे आहे', 'गाडी उपलब्ध झाल्यावर बघू'.

यातलं खरं अडतं कुठे? माझं मत, इच्छा नाही. बाकी सगळी निमित्तं. ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी खोडून काढावं.

गजालीकार
गाडी येतली तेवा येतली. तवसर वडापची जीप आसा मां!

चिरेबंदी
इच्छेचं नंतर बोलू. आधी 'रस्ता झाला' म्हणजे काय झालं ते बघा. ग्रामसडक योजनेचा डांबरी पट्टा ३.७५ मीटरचा असतो, वाहतूक फारच कमी असेल तर ३ मीटरचा. एसटीची बॉडी अडीच मीटर आणि दोन्हीकडचे आरसे धरून जवळपास तीन. समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाला साईडपट्टीवर उतरावंच लागतं. आपल्याकडे साईडपट्टी म्हणजे एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला डांबराला खेटून गडगा, म्हणजे चिऱ्याचं कुंपण. जुलैत लाल मातीत मागचं चाक उतरलं की जेसीबी बोलवायचा. त्यामुळे सर्वेक्षणात पहिला शेरा पडतो तो साईडपट्टी आणि बगल देण्याच्या जागांचा. दर दोन-तीनशे मीटरवर एक गाडी थांबेल एवढी रुंदी हवी, आणि तिथून पुढची जागा दिसली पाहिजे.

दोनशेबावीस
चिरेबंदी यांच्यात भर घालतो. रुंदीपेक्षा लांबी जास्त नडते. आपली नेहमीची लालपरी साधारण ११ मीटर. चाकांमधलं अंतर २२२ इंच, म्हणजे ५.६४ मीटर, आणि मागच्या चाकाच्या मागे तीन मीटरच्या आसपास बॉडी लोंबते. याचे दोन परिणाम होतात.

वळताना पुढचं तोंड उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे झाडू मारते. गाडी वळणातून निघाली असं ड्रायव्हरला वाटतं आणि त्याच क्षणी मागचा कोपरा कोणाच्या तरी गडग्याचे दोन चिरे घेऊन जातो. मग भांडण, मग तक्रार, मग 'या रस्त्याला गाडी नको' असा अर्ज. तोही त्याच गावातून!

दुसरं म्हणजे चढ-उताराची सांध. पुलाचा जोडरस्ता उतरून जुन्या रस्त्याला मिळतो तिथे किंवा मोरीच्या उंचवट्यावर उतार एकदम बदलतो. कारला काही होत नाही. एसटीचा मागचा बंपर डांबर खरवडतो आणि कधी मागची शिडीही वाकते. अशा जागी पाच-सात मीटर लांबीत उतार हळूहळू बदलून घेतला की काम होतं. खडी-डांबराचा एखादा डंपर लागतो, जास्त काही नाही. पण ते अंदाजपत्रकात नसतं, कारण रस्ता काढणाऱ्याने बस डोळ्यासमोर धरलेलीच नसते.

खाडीपलीकडचा
@दोनशेबावीस, मग लहान गाडी द्या ना. ९ मीटरच्या इलेक्ट्रिक निघाल्यात म्हणतात.

दोनशेबावीस
द्यावी. पण ती चार्जिंग असलेल्या आगारालाच बांधलेली असते. चार्जिंगला उच्चदाब जोडणी, ट्रान्सफॉर्मर, काँक्रीटचा ओटा, शेड लागते. तालुक्याच्या आगारात ते नसेल तर लहान गाडीचा प्रश्न तिथेच संपला. शिवाय वस्तीला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, तर ती पाठवताच येत नाही, रात्री गावात तिला लावणार कशाला? देवळाच्या प्लगाला?

येवा_कोकण
देवळाचं बिल आधीच थकलेलं आहे.

सातबारा
पूल होऊन जोडरस्ता न झालेली प्रकरणं विसरू नका. खांब पाण्यात असतात, पाणी सरकारचं. दोन्ही टोकांना जमीन लागते, तिथे सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, निम्मी मयत, वारस नोंद नाही, इतर हक्कात कूळ, सह्या करणारे डोंबिवली-विरारला. २०१५ पासून थेट खरेदीची वाट आहे, वाटाघाटीने दर ठरवून खरेदीखत करता येतं. पण त्यालाही सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. एकजण अडला की सक्तीचं संपादन, आणि मग वर्षांचा हिशेब.

कांदळवन मध्ये आलं तर आणखी एक दार. सार्वजनिक कामासाठीही खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालात ते स्पष्ट आहे. त्याशिवाय सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमनाची, मंजुरी वेगळी.

चिरेबंदी
@सातबारा, बरोबर. आणि जोडरस्ता झाला तरी पहिला पावसाळा त्याचा नाही. पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे सहा-आठ मीटर उंचीचा भराव असतो. थराथराने पाणी मारून दाबला नसेल तर पहिल्या पावसात खाली बसतो आणि पुलाच्या सांध्याला पायरी पडते. दुचाकीवाला ती चुकवून जातो. सोळा टनांची भरलेली गाडी त्या पायरीवर रोज आपटली तर स्प्रिंगचे पाटे जातात, आणि सांध्याची पट्टी उचकटते. म्हणून बांधकामवाले स्वतःच सांगतात की 'दिवाळीनंतर डांबराचा शेवटचा थर टाकतो, मग गाडी सोडा'. हे निमित्त नाही, हे मी योग्य समजतो.

आगारवाला
आता मुद्द्याचं. वरचं सगळं खरं आहे, पण ते सुटलं तरी गाडी सुरू होत नाही. कारण गाडी रस्त्यावर अडत नाही, शेड्यूलमध्ये अडते.

आगारात 'एक जास्तीची फेरी' अशी वस्तूच नसते. प्रत्येक गाडी आणि प्रत्येक चालक-वाहक जोडी आधीच कुठल्यातरी शेड्यूलमध्ये बांधलेली असते. कामाचे ८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हजेरी ते सुट्टी एकूण पसारा १२ तास, आणि एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत किमान ९ तास. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यापासून चालत आलेला हा हिशेब आहे. आता गावाचं पत्र वाचा: 'सकाळी ६.१५ ला गावातून गाडी हवी आणि संध्याकाळी ७ ला स्टँडवरून'. १९ किमीला आपल्या रस्त्यांवर ५० मिनिटं धरा. सकाळची फेरी आगारातून सोडायची तर गाडी ५.१५ ला निघणार, जाताना रिकामी. हजेरी पावणेपाचला, कारण तिकीट मशीन घ्यायचं, गाडी तपासायची. संध्याकाळची फेरी करून परत यायला पावणेनऊ-नऊ, वर रोकड भरायला वीस मिनिटं. पसारा सोळा तासांच्या वर. एका जोडीत बसतच नाही. दोन जोड्या द्यायच्या तर त्यांच्या उरलेल्या तासांना काम हवं, म्हणजे दुसरी चार शेड्यूलं मोडायची. प्रस्ताव 'विभागाकडे' जातो तो याच्यासाठी.

म्हणून 'नवीन फेरी सुरू करा' असं कधीच मागू नका. वस्तीची गाडी मागा.

रातवस्ती
आगारवाला यांना शंभर मोदक. वस्तीचं गणित असं: जोडी दुपारी कामावर येते, दोन-तीन फेऱ्या करते, ७ ला सुटून ७.५० ला गावात मुक्काम. सकाळी ६.१५ ला गावातून निघते, अकरापर्यंत मोकळी. मधली विश्रांती दहा तासांच्या वर. रिकामे किलोमीटर शून्य.

लोक चूक करतात ती वेळेत. कोणीतरी ग्रामसभेत उठतो आणि म्हणतो, रेल्वेने येणाऱ्यांसाठी शेवटची गाडी ९ ची करा. ९ ला सुटली की ९.५० ला गावात, सकाळी ६.१५ ला निघायचं, मध्ये ८ तास २५ मिनिटं. नऊ तास भरत नाहीत, प्रस्ताव परत. त्यात रेल्वे तासभर उशिरा आली तर बोलायलाच नको. रेल्वेची जोड मागायची तर दुपारच्या फेरीला मागा, वस्तीच्या गाडीला नको.

आणि वस्तीला लागतं काय? गाडी सपाट जागी उभी राहिली पाहिजे, चाकाला ओंडका लावून का होईना. चालक-वाहकाला छप्पर, दिवा-पंखा, पाणी आणि शौचालय. वाहकाकडे दिवसाची रोकड असते, त्यामुळे दाराला कडी-कुलूप हवं. शाळेचा व्हरांडा ही जागा नव्हे. ग्रामपंचायतीने एक खोली ठरावात लिहून दिली की अर्धं काम झालं.

भांगाची_भरती
तुम्ही सगळे पुलावरच बसलात. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ इथे फेरीबोटी चालतात. दोन्ही धक्क्यांपर्यंत एसटी जोडली की पुलाची वाट बघायला नको. चालत उतरा, बोटीत बसा, पलीकडे दुसरी गाडी. मग यासाठी वेगळी मागणी का होत नाही?

आगारवाला
होते, पण वेळ जुळवणारा कोणी नसतो. बोटीचं वेळापत्रक बोटवाल्याचं, गाडीचं आगाराचं, आणि पलीकडचं आगार भलतंच, कधी कधी विभागही वेगळा. बागमांडला रायगडात, वेसवी रत्नागिरी जिल्ह्यात. एका बाजूची गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पलीकडची निघून गेलेली. मे महिन्यात नि डिसेंबरात धक्क्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग, एसटीला वळायला जागा नाही.

भांगाची_भरती
वळायला जागा नाही हे मान्य. शिवाय उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, रॅम्पचा उतार वाढतो, म्हाताऱ्या माणसांना चढायला त्रास होतो. तरी १५ मिनिटांचं अंतर ठेवलं तर जोड जमते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत तर पाणी फार वरखाली होतच नाही.

येवा_कोकण
गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटींचं नशीबच तसं. भाऊचा धक्का ते मांडवा, इतकी वर्षं टर्मिनल आणि गाळ काढणं यात गेली, शेवटी १५ मार्च २०२० ला सुरू झाली. पुढच्या दहा दिवसांत देशभर लॉकडाऊन. मुहूर्त काढणारा शोधून ठेवा, पुलाला लागेल.

तिकीटबारी
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. टप्पा. एसटीचं भाडं दर ६ किमीच्या टप्प्यावर असतं आणि अर्धवट टप्पा पूर्ण धरतात. खाडीपलीकडचा यांच्या उदाहरणात जुना मार्ग ३४ किमी म्हणजे ६ टप्पे. नवा १९ म्हणजे ४ टप्पे. तोच १८ असता तर ३. एका किलोमीटरपायी रोजच्या प्रवाशाला एक टप्पा जास्त, वर्षभराचा हिशेब करा. म्हणून शेवटचा थांबा नेमका कुठे आणि अंतर किती, हे सर्वेक्षणाच्या दिवशी गावातल्या कोणीतरी गाडीत बसून बघावं. मोजमाप स्टँडपासून होतं.

दुसरं, मार्ग आणि थांबे तिकीट मशीनमध्ये भरले गेल्याशिवाय वाहक तिकीट देऊ शकत नाही. तिथे थांब्यांची नावं लागतात. एका गावाने वाडीच्या नावावरून ठराव अडवून धरला तर मशीनमधला मार्गही अडतो.

गजालीकार
पाटीर वरची वाडी की खालची वाडी, हो वाद पूल बांधूच्या आधी मिटवूक होयो. पूल दोन वर्सात जाता, वाद चार पिढ्ये चलता.

खाडीपलीकडचा
पाटीचा वाद आमच्याकडे नाही. पण आगारवाला, वस्तीची गाडी मागायची म्हणता, ती तर जुन्या रस्त्याने येतेच आहे. ती पुलावरून वळवा एवढंच म्हणणं आहे. शेड्यूल मोडत नाही, उलट १५ किमी वाचतात. मग?

आगारवाला
आता सापडलं. जुन्या रस्त्यावर, त्या ३४ किमीत, मध्ये किती गावं आहेत? पाच-सहा तरी असणार. त्यांची तीच एक सकाळची गाडी असते. तुम्ही ती वळवलीत की त्यांचं पत्र तुमच्या पत्राच्या आधी पोचतं, त्यांच्याही सरपंचांच्या सहीने. आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर दोन ठराव समोरासमोर. तो काय करणार? फाईलवर 'गाडी उपलब्ध झाल्यावर' लिहून बाजूला ठेवणार. इच्छा नाही असं तुम्हाला दिसतं ते हे आहे.

यातून वाट अशी काढतात: रात्रीची गाडी जुन्या मार्गाने येऊन गावात मुक्काम करते, सकाळी पहिली फेरी जुन्याच मार्गाने जाते. कारण मधल्या गावांच्या पोरांना शाळा-कॉलेज गाठायचं असतं. वाचलेले किलोमीटर मिळवायचे ते दुपारच्या फेऱ्यांत. दुपारी जुन्या मार्गावर भारमान, म्हणजे गाडी किती भरते तो आकडा, तसंही पडलेलं असतं. तिथली एक जाऊन-येऊन फेरी, म्हणजे ६८ किमी, काढली की पुलावरून जवळपास दोन फेऱ्या बसतात, ३८ आणि ३८, एकूण ७६. फक्त ८ किमी जास्त. तेवढे आगार आपल्या पातळीवर रेटू शकतं.

रातवस्ती
पण मधल्या गावांची दुपारची गाडी गेलीच ना? ती ओरडणार.

आगारवाला
ओरडतील. पण सकाळ-संध्याकाळ शाबूत असली तर दुपारचा आवाज लहान असतो. त्यांना बाजाराच्या वारी दुपारची फेरी ठेवली की बहुतेक मिटतं.

दोनशेबावीस
एक सावधगिरी. गाडी वळवायची जागा शेवटच्या थांब्यावर आहे का? पूर्ण वेढ्याला २२ ते २४ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. नसेल तर इंग्रजी टी आकाराची फाटा-जागा. फाट्याची लांबी १२-१३ मीटर, तोंडाला कोपरे गोल कापलेले, आणि मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी मारणार. मागे घेण्याची जागा विहिरीकडे किंवा खाडीकडे तोंड करून नको, पावसात कडा ढासळते. देवळासमोरचं मैदान लोक सुचवतात, पण पालखीच्या दिवसांत तिथे मांडव असतो, तेव्हा गाडी कुठे वळणार ते आधी लिहून द्या.

चिरेबंदी
आणि फांद्या-तारा. रस्त्यापासून साडेचार मीटरपर्यंत काही लोंबता कामा नये. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारेला ५.८ मीटर उंची नियमातच आहे, पण दोन खांबांमध्ये झोळ पडलेला असतो. त्यासाठी महावितरणला वेगळं पत्र, आगाराच्या पत्राची प्रत जोडून. आंबा-फणसाच्या फांदीला मालकाची परवानगी, आणि ती मोहोर यायच्या आधी घ्या. फेब्रुवारीत हापूसची फांदी तोडायला कोणी हो म्हणत नाही.

तिकीटबारी
सुरू करण्याची तारीखही महत्त्वाची. शाळेचे पास जूनमध्ये निघतात. पास ज्या मार्गाचा, पोरं त्याच मार्गाने जातात. ऑगस्टमध्ये नवी फेरी सुरू केलीत तर पास जुन्या मार्गाचे, नवी गाडी रिकामी, महिन्याभराने भारमानाचा आकडा काढतात आणि 'प्रतिसाद नाही' म्हणून फेरी बंद. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर विचारूच नका, जादा वाहतुकीला गाड्या आणि माणसं ओढलेली असतात. एकतर जूनच्या मध्यावर शाळेबरोबर, नाहीतर दिवाळीनंतर.

महिलांचं अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास यांची भरपाई शासन देतं, पण ती मशीनमधून निघालेल्या तिकिटावरच. आजोबांना 'जाऊ द्या, फुकटच आहे' म्हणून तिकीट न देता बसवलं तर भारमानात एक माणूस कमी. गावाने उलट आग्रहाने शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यावं.

भांगाची_भरती
हे शून्य रुपयाच्या तिकिटाचं खरंच कोणी सांगत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक तिकीट म्हणजे मत.

सातबारा
सर्वेक्षणाचा अहवाल मागा. माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'गाडी का सुरू नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. '…या मार्गाच्या सर्वेक्षण अहवालाची व त्यावरील शेऱ्यांची प्रत' असं मागा. शेरा साईडपट्टीचा आहे, वळणाचा आहे की शेड्यूलचा, ते एका पानात कळतं. पुढचं पत्र त्या शेऱ्यालाच उत्तर म्हणून लिहा.

खाडीपलीकडचा
'इच्छा नाही' मागे घेतो, अर्धं तरी. ग्रामसभेसाठी मसुदा असा करतोय:

रात्रीची वस्ती व सकाळची ६.१५ ची फेरी जुन्याच मार्गे राहावी. दुपारची एक फेरी कमी करून पुलामार्गे दोन फेऱ्या द्याव्यात, बाजाराचा वार सोडून. चालक-वाहकांसाठी ग्रामपंचायतीच्या जुन्या कार्यालयाची खोली, नळ व शौचालयासह. गाडी वळवण्यासाठी धक्क्याजवळची जागा, नकाशा सोबत. फांद्यांचं काम दिवाळीआधी ग्रामपंचायत करील. चाचणी फेरी दिवाळीनंतर.

काही राहिलं का?

दोनशेबावीस
धक्क्याजवळची जागा उधाणाला भिजते का?

खाडीपलीकडचा
मोठ्या उधाणाला कडेपर्यंत पाणी येतं.

दोनशेबावीस
मग ती काढा. खारं पाणी ब्रेकच्या नळ्यांना आणि चासीला लागलं की आगार दुसऱ्यांदा गाडी पाठवणार नाही. धक्क्याच्या दोनशे-तीनशे मीटर अलीकडे, उंचावर शोधा.

तिकीटबारी
आणि तेवढं अलीकडे आलात तर अंतर पुन्हा मोजा. १८ च्या आत बसतंय का बघा.

खाडीपलीकडचा
१९ हे गोल करून लिहिलं होतं. दुचाकीच्या काट्यावर धक्का १८.३ दाखवतो. तीनशे-चारशे मीटर अलीकडे चढावर शाळेचं पटांगण आहे. पण पाटीवर मग धक्क्याचं नाव येणार नाही, शाळेच्या वाडीचं येईल.

गजालीकार
झाला सुरू!